बालमूत्रपिंड विभागाची नोंदवही

व्यापारी पेढीवर दोन वह्या पूर्वापार चालत आल्या आहेत. रोजकीर्दीत व्यवहार ज्या दिवशी, ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने लिहिला जातो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतो. रोजकीर्द कितीही सुवाच्य असली तरी कोणते खाते बुडत चालले आहे, हे नुसत्या तिच्यावरून मालकाला उमगत नाही. त्यासाठी खतावणी करावी लागते आणि महिनाअखेर ताळा पाहावा लागतो. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात बालमूत्रपिंड विभागाच्या प्रमुखाचे काम काय असते, हे समजून घेण्यास हा दाखला उपयोगी पडतो. प्रत्येक आजारी मूल ही त्याच्या रोजकीर्दीतील एक नोंद असते. त्या मुलावर उपचार करणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. परंतु शेकडो मुलांच्या नोंदी एकत्र मांडून त्यांतून अर्थ काढणे हे दुसरे कर्तव्यही त्याच्याच शिरावर असते, आणि त्याने ते टाळले तर दुसरे कोणी सहसा करीत नाही. या दुसऱ्या कर्तव्याच्या हकिकतीत व्यापाराचाही फार जवळचा संबंध आहे.

लहान शरीराचे वेगळे गणित

मूत्रपिंडे रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळतात, पाणी, क्षार व आम्ल यांचा समतोल राखतात, रक्तदाब सांभाळतात आणि हाडे मजबूत राहण्यास व नवे रक्त तयार होण्यास हातभार लावतात. प्रौढ माणसात ही कामे चालू राहिली म्हणजे पुरते. मुलाच्या बाबतीत त्यात वाढीची भर पडते. मूत्रपिंड अशक्त असलेले मूल पोटभर जेवत नाही, त्याची उंची खुंटते, हाडे वाकतात, शाळा बुडते. म्हणून बालमूत्रपिंडतज्ज्ञाच्या खोलीत रक्तदाबयंत्राइतकीच उंची मोजण्याची पट्टी महत्त्वाची असते.

मोठ्यांचे आकडे मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. रक्तातील क्रिएटिनिन या द्रव्यावरून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे याचा अंदाज बांधतात. प्रौढ पुरुषाच्या अहवालात १.० हा आकडा आला तर डॉक्टर निश्चिंत होतात. तोच आकडा ७५ सेंटिमीटर उंचीच्या बालकाच्या अहवालात आला, तर त्याची मूत्रपिंडे नेहमीच्या जेमतेम एक-तृतीयांश क्षमतेने चालली आहेत असा त्याचा अर्थ होतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि बालकाच्या अंगावर स्नायू थोडे असतात, हे त्यामागचे कारण. मुलाची उंची आणि क्रिएटिनिन यांची सांगड घालणारे सूत्र न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जॉर्ज श्वार्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडले. त्याची सुधारित आवृत्ती आज जगभर वापरली जाते. प्रयोगशाळेने अहवालावर ‘प्रमाणात’ असा शिक्का मारला तरी मुलाचा आकडा पुन्हा तपासावा, हा धडा प्रत्येक निवासी डॉक्टरला अशा विभागात पहिल्या आठवड्यातच मिळतो.

डायलिसिसचेही तसेच आहे. दहा किलो वजनाच्या बालकाच्या अंगात सुमारे ८०० मिलिलिटर रक्त असते. त्याच्या साधारण एक-दशांशाहून, म्हणजे ८० मिलिलिटरहून अधिक रक्त एका वेळी शरीराबाहेरच्या नळ्यांत आणि गाळणीत जाऊ नये, असा संकेत आहे. मोठ्यांच्या नळ्यांत याच्या कितीतरी अधिक रक्त मावते. त्यामुळे मुलांसाठी निराळ्या नळ्या, निराळी गाळणी आणि क्षणोक्षणी लक्ष ठेवणारी प्रशिक्षित परिचारिका लागते. अगदी लहान मुलांसाठी पोटात बारीक नळी बसवून पोटाच्याच पडद्यातून गाळण करण्याची पद्धत पुष्कळदा अधिक सोयीची ठरते. आईवडिलांना शिकवले तर हे पोटाचे डायलिसिस घरीही करता येते.

घरातली वही

या विभागात येणाऱ्या मुलांचा एक मोठा गट नेफ्रोटिक सिंड्रोम या आजाराचा असतो. सकाळी उठल्यावर मुलाच्या डोळ्यांभोवती सूज दिसते. घरचे ती ॲलर्जी समजतात. पुढे पाय व पोट सुजते. तपासणीत लघवीवाटे प्रथिने वाहून जात असल्याचे आढळते. बहुतेक मुले प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड औषधाने काही आठवड्यांत बरी होतात. पण हा आजार पुन्हा पुन्हा उलटतो, आणि घराची खरी परीक्षा तेथे सुरू होते.

अशा मुलाच्या आईच्या हाती विभाग एक वही देतो. सकाळची पहिली लघवी पट्टीने किंवा परीक्षानळीत तापवून तपासायची आणि प्रथिने किती आली ते त्या दिवसाच्या रकान्यात लिहायचे: निरंक, लेशमात्र, एक अधिक, दोन अधिक, अशी चढती मोजणी. सलग तीन दिवस ‘तीन अधिक’ किंवा त्याहून जास्त आले तर आजार उलटला असे समजून डॉक्टरांना कळवायचे. सलग तीन दिवस निरंक अथवा लेशमात्र आले की मूल आजारातून बाहेर आले. औषधाचा रोजचा डोस, ताप, सर्दी, वजन याही नोंदी त्यातच होतात. खर्च जवळजवळ शून्य, परंतु या वहीमुळे सूज येण्यापूर्वीच आजार पकडता येतो आणि मुलाला रुग्णालयात दाखल करण्याची पाळी पुष्कळदा टळते.

वही कोरी राहण्याची कारणेही विभागाला ठाऊक असतात. दिवाळीत दुकानावर गर्दी होते, लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरते, आणि सूज नाही म्हणजे आजार नाही असे घरातील वडीलधारे ठरवून टाकतात. कोणी नातेवाईक स्टेरॉइडची भीती घालतो आणि औषध एकाएकी बंद केले जाते. असे करणे धोक्याचे असते. औषध चालू असताना शरीर स्वतःचे त्या प्रकारचे संप्रेरक बनवणे कमी करते. म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्यानेच उतरवावा लागतो. मुलगी आजारी असेल तर पुढे तिचे लग्न कसे होईल, या काळजीने काही घरे आजारच लपवतात. बहुसंख्य मुलांचा हा आजार वयात येईपर्यंत मागे पडतो, हे अशा घरांना वेळीच कळले तर लपवण्याचे कारण उरत नाही. पथ्यही साधे आहे. सूज असताना पापड, लोणचे, फरसाण, खारे शेंगदाणे यांना काही दिवस रजा द्यायची आणि घरात सर्वांनीच मीठ थोडे कमी करायचे, म्हणजे मुलाला आपण एकटे पडलो असे वाटत नाही.

अनेक रुग्णालयांची एक खतावणी

नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलावर उपचार करण्यापूर्वी मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईने काढून तपासावा की नाही, हा एकेकाळी मोठा प्रश्न होता. एका रुग्णालयात येणारी मुले तो सोडवण्यास अपुरी होती. १९६७ च्या सुमारास अल्बर्ट आइन्स्टाइन महाविद्यालयातीलच डॉ. हेन्री बार्नेट यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी एकत्र येऊन एकाच नमुन्याच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५२१ मुलांची नोंद झाली. १९७८ आणि १९८१ मध्ये त्याचे महत्त्वाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन-चतुर्थांशाहून थोड्या अधिक मुलांच्या मूत्रपिंडात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच बिघाड दिसत नव्हता, आणि अशा मुलांपैकी दर १०० पैकी ९३ मुले स्टेरॉइडने सुधारत होती.

त्यामुळे नेहमीच्या लक्षणांच्या मुलाला आधी औषध द्यावे आणि औषध लागू पडले नाही तरच सुईची तपासणी करावी, अशी पद्धत पडली. जगभरातील असंख्य मुले एका वेदनादायक तपासणीतून सुटली. भारतात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. आर. एन. श्रीवास्तव आणि त्यांच्यानंतर डॉ. अरविंद बग्गा यांच्या पिढीने या शाखेची घडी बसवली. भारतीय तज्ज्ञांच्या गटाने या आजारावरील उपचारांची मार्गदर्शक सूत्रे २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे वेळोवेळी सुधारली. गावातील बालरोगतज्ज्ञ आज ज्या क्रमाने उपचार करतो, त्याच्या मुळाशी अशा एकत्रित खतावण्या आहेत.

ढाक्यातील ताळा

नोंदवहीचे सामर्थ्य किती असू शकते, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण बांगलादेशात घडले. १९९० च्या सुरुवातीस ढाक्याच्या बालरुग्णालयात मूत्रपिंडे एकाएकी निकामी झालेल्या मुलांची संख्या वाढू लागली. मुलाला साधा ताप येई, काही दिवसांत लघवी बंद होई, आणि डायलिसिस करूनही पुष्कळ मुले दगावत. अतिसार, मलेरिया, जंतुसंसर्ग ही नेहमीची कारणे या मुलांत सापडत नव्हती. रोजच्या धावपळीत प्रत्येक मृत्यू हा एकेक दुर्दैवी प्रसंग म्हणून नोंदवला जाणे अगदी शक्य होते.

डॉ. मोहम्मद हनीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे होऊ दिले नाही. ३५ महिन्यांत आलेल्या मुलांचे त्यांनी दोन गट पाडले. एका गटात कारण न उमगलेली ३३९ मुले होती आणि दुसऱ्यात कारण स्पष्ट असलेली ९० मुले. मग एकेक रकाना ताडून पाहिला. पहिल्या गटातील दर १०० पैकी ९१ मुलांना तापाचे औषध दिले गेले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३३ होते. पहिल्या गटातील ७० टक्के मुले रुग्णालयातच दगावली, दुसऱ्या गटातील ३३ टक्के. संशय तापावरील गोड औषधाकडे वळला. रुग्णांच्या घरांतून आणि औषधांच्या दुकानांतून पॅरासिटामॉलच्या ६९ बाटल्या गोळा करून तपासण्यात आल्या. त्यांतील काही बाटल्यांत डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. ज्या ब्रँडमध्ये ते सापडले, त्याचे औषध पहिल्या गटातील दर १०० पैकी २० मुलांनी घेतल्याचे नोंदीत होते. दुसऱ्या गटात असे एकही मूल नव्हते.

डिसेंबर १९९२ मध्ये तेथील सरकारने पॅरासिटामॉलच्या द्रव औषधाच्या विक्रीवर बंदी घातली. पुढील १२ महिन्यांत मूत्रपिंड निकामी होण्याच्या एकूण नव्या घटना ५४ टक्क्यांनी घटल्या, आणि कारण न उमगणाऱ्या घटना ८४ टक्क्यांनी. हा अभ्यास १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. नवे औषध शोधले नव्हते, नवे यंत्र आणले नव्हते. ‘तापासाठी कोणते औषध दिले?’ हा प्रश्न प्रत्येक आईला विचारून त्याचे उत्तर लिहून ठेवले होते, आणि त्यामुळे हे साधले.

पिंपाचा प्रवास

येथून पुढची हकिकत व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. मुलांच्या पातळ औषधांत औषध विरघळावे आणि गोडी यावी म्हणून ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल अशी द्रव्ये घालतात. डायइथिलिन ग्लायकॉलही दिसायला तसेच पारदर्शक, दाट आणि चवीला गोड असते, शिवाय स्वस्त पडते. ते औद्योगिक वापराचे रसायन आहे. पोटात गेल्यावर त्यापासून तयार होणारे आम्ल मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांचा नाश करते. डोळ्यांनी, नाकाने किंवा जिभेने हा फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

१९३७ मध्ये अमेरिकेत या द्रव्यात बनवलेल्या औषधाने शंभरावर माणसे दगावली. त्यातून १९३८ चा अन्न व औषध कायदा जन्माला आला. मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचे प्राण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. १९९५-९६ मध्ये हैतीत तापाच्या औषधाने ऐंशीहून अधिक मुले दगावली. त्या औषधातील ग्लिसरीन चीनमधून निघाले होते आणि युरोपातील व्यापाऱ्यांच्या कागदांवरून तेथे पोहोचले होते. १९९८ मध्ये गुरगाव परिसरातील खोकल्याच्या औषधामुळे दिल्लीत दाखल झालेल्या ३६ मुलांपैकी ३३ मुले वाचू शकली नाहीत. २००६ मध्ये पनामात शंभराहून अधिक बळी गेले. तेथील पिंपे चीनमधून स्पेनमार्गे आली होती. वाटेतील प्रत्येक व्यापाऱ्याने प्रमाणपत्रावर आपले नाव घातले, मूळ उत्पादकाचे नाव गळून गेले, आणि माल शुद्ध असल्याचे आश्वासन मात्र कायम राहिले. पिंप उघडून नमुना तपासण्याचे काम प्रत्येकाने आधीच्याने केले असेल असे गृहीत धरले.

हे जुने झाले असेही म्हणता येत नाही. २०२२ मध्ये गांबिया या आफ्रिकी देशात सुमारे ७० मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगाला इशारा दिला तो भारतात बनलेल्या पातळ औषधांविषयी होता. त्यानंतर १ जून २०२३ पासून खोकल्याची औषधे निर्यात करण्यापूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेचा तपासणी दाखला आवश्यक करण्यात आला. तरीही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपुरात आणले होते. त्या औषधाच्या नमुन्यात हे विष ४८.६ टक्के निघाले. चालणारी मर्यादा ०.१ टक्का आहे.

औषधनिर्मिती, रसायने, सुगंधी द्रव्ये, खाद्यपदार्थ यांच्या घाऊक व्यापारात असलेल्या घरांना पिंपाच्या या प्रवासाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. धान्याच्या पोत्यात बांबी खुपसून नमुना पाहिल्याशिवाय आडत्या भाव बोलत नाही. ग्लिसरीनचे पिंप मात्र कागदावर विकले जाते. ज्याच्या हातून असे पिंप जाते, त्याने मूळ उत्पादकाचे नाव असलेला दाखला पुढे देणे आणि प्रत्येक पिंपाचा नमुना तपासून घेणे, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तर या साखळीतील एक कडी तरी पक्की होते. तपासणीचा खर्च मालाच्या किमतीच्या मानाने फारसा जाचक नसतो.

प्रमुखाचा ताळेबंद

असा विभाग चालवणाऱ्या डॉक्टरच्या आठवड्यात तीन खाती एकाच वेळी चालू असतात: उपचार, अध्यापन आणि संशोधन. सकाळी वॉर्डमधील फेरीत निवासी डॉक्टर प्रत्येक मुलाची हकिकत सांगतात आणि प्रमुख त्यांना उलट प्रश्न विचारतो. बाह्यरुग्ण विभागात दूरच्या तालुक्यांतून रात्रीच्या एस.टी.ने आलेली कुटुंबे ताटकळत असतात. ठरल्या दिवशी विकृतिशास्त्रज्ञासोबत सूक्ष्मदर्शकाखालील काचा पाहायच्या, प्रत्यारोपणाच्या बैठकीला जायचे, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर शेरे लिहायचे, आणि मध्येच पाणीशुद्धीकरणाचा पंप बिघडल्याचा निरोप आला की अभियंत्याला फोन करायचा. यांपैकी पहिले खाते रोज आरडाओरडा करून आपले मागणे मागते. नोंदी व संशोधनाचे खाते मुकाट असते, म्हणून तेच मागे पडते. चांगला प्रमुख त्या मुक्या खात्यासाठी आठवड्यातील काही तास राखून ठेवतो आणि कनिष्ठांनाही ते राखू देतो.

पैशाच्या बाबतीत या विभागाचे दुखणे व्यापाऱ्याला चटकन समजेल असे आहे. पुष्कळ दुकाने जागेअभावी बुडत नाहीत, ती खेळत्या भांडवलाअभावी बुडतात. दाते उदारपणे डायलिसिस यंत्र देतात. समारंभ होतो, फलक लागतो. यंत्र हे स्थिर भांडवल झाले. परंतु प्रत्येक वेळी लागणाऱ्या लहान मापाच्या नळ्या व गाळण्या, वार्षिक देखभाल, सुट्टे भाग, शुद्ध पाणी आणि परिचारिकांचे वेतन हे खेळते भांडवल आहे. प्रौढाच्या चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी खर्ची पडते, यावरून नुसत्या पाण्याच्या व्यवस्थेचा व्याप लक्षात यावा. मुलांच्या डायलिसिसला तयार झालेल्या परिचारिकेची दुसऱ्या विभागात बदली झाली, तर यंत्र जागेवर असूनही काम थांबते. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून, तसेच राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, यांनी गरीब कुटुंबांचा उपचारखर्चाचा मोठा भार उचलला आहे. पण गावाहून येण्याजाण्याचे भाडे, राहण्याची सोय आणि बुडालेली रोजंदारी ही खाती बहुधा कोणाच्याच योजनेत पूर्णपणे बसत नाहीत. उपचार अर्धवट सुटण्यामागे अनेकदा हीच कारणे असतात.

याहून अवघड हिशेब माणसांचा असतो. ज्या मुलाची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत, त्याला आयुष्यभर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांवाचून मार्ग नाही. पुष्कळ घरांत आई मूत्रपिंड द्यायला पुढे येते. धाकटी भावंडे, एकच कमावता हात, आणि प्रत्यारोपणानंतरही जन्मभर चालणारी औषधे हे सारे समोर मांडून कुटुंबाशी बोलणे, त्यांच्यावर दडपण न आणता आणि खोटी आशा न दाखवता बोलणे, हे काम प्रमुखाला कनिष्ठांवर सोपवता येत नाही. कनिष्ठांनी ते शिकावे म्हणून त्यांना शेजारी बसवून घेणे एवढेच त्याच्या हाती असते.

मूल मोठे झाले की आणखी एक धोका उभा राहतो. लहानपणापासून ओळखीच्या डॉक्टरांकडे जाणारा मुलगा अठराव्या वर्षाच्या आसपास मोठ्यांच्या विभागात जातो. तेथे त्याला नावाने ओळखणारे कोणी नसते. शिक्षण, नोकरी, मित्रमंडळी यांत औषधाच्या वेळा चुकतात. प्रत्यारोपित मूत्रपिंड गमावण्याचे प्रमाण याच वयात वाढते, असे निरनिराळ्या देशांत दिसून आले आहे. म्हणून जाणते विभाग बारा-तेराव्या वर्षापासूनच मुलाला स्वतःच्या औषधांची नावे, डोस आणि तपासणीच्या तारखा पाठ करायला लावतात. ज्या घरात मुलाला लहानपणीच गल्ल्यावर बसवून जबाबदारी शिकवतात, त्या घराला हे शिक्षण परके वाटू नये.

दात्यांनी आणि पालकांनी

आपल्या शहरात मुलांच्या वैद्यकीय सेवेसाठी व्यापारी घराण्यांनी दिलेल्या देणग्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या परळमधील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये अशाच एका घराण्याच्या दानातून उभे राहिले. आज एखाद्या कुटुंबाला वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ मूत्रपिंडविकारग्रस्त मुलांसाठी काही करायचे असेल, तर यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी विभागप्रमुखाला चार प्रश्न विचारावेत. मुलांच्या मापाच्या नळ्या आणि गाळण्या वर्षभर पुरतील एवढा साठा आहे काय? यंत्र चालवणारी परिचारिका कायम आहे की बदलीची? गावाहून येणाऱ्या पालकांना रात्री टेकायला जागा आहे काय? आणि नोंदी ठेवण्यासाठी स्वतंत्र माणूस आहे काय? शेवटच्या प्रश्नाने प्रमुख कदाचित चकित होईल, कारण नोंदी लिहिणाऱ्या माणसाचा पगार सहसा कोणी दाता देत नाही. ढाक्याची हकिकत आठवली तर तो पगार कोणत्याही यंत्राइतकाच मोलाचा ठरू शकतो, हे पटावे.

पालकांसाठीही काही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. दोन वर्षांखालील बालकांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सर्वसाधारणपणे देऊ नयेत, असा सल्ला केंद्रीय आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. शेजारच्या मुलाला लागू पडलेले औषध आपल्या मुलाला परस्पर पाजू नये. ताप किंवा खोकल्याच्या आजारपणात मुलाची लघवी एकदम कमी झाली किंवा थांबली, उलट्या वाढल्या, मूल सुस्त झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुकानातून औषध घेताना पक्की पावती मागावी. औषध संपल्यावरही बाटली, तिच्यावरील बॅच क्रमांकाची चिठ्ठी आणि पावती काही आठवडे जपून ठेवावी. ढाक्यात तपासलेल्या त्या ६९ बाटल्यांपैकी काही अशाच घरांतून मिळाल्या होत्या. त्या कोणी फेकून दिल्या नव्हत्या, म्हणून डॉक्टरांना तपासता आल्या.